तापलो की मी गप्प होत असे

मित्रांनो, माझे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मी गाडीच्या इंजिनातला एक जुना क्रँकशाफ्ट सेन्सर आहे. अंगठ्याएवढा, काळ्या प्लास्टिकचा, तेलाने माखलेला. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे आहेत. इंजिन फिरू लागले की एका चाकाचे दाते माझ्या तोंडासमोरून जातात आणि प्रत्येक दात्याला मी विजेचा एक बारीक ठोका पाठवतो. त्यावरून गाडीच्या संगणकाला कळते, पेट्रोल कधी सोडायचे, ठिणगी कधी पाडायची. मी गप्प बसलो की इंजिन बंद.

माझी गाडी आधी समुद्रापलीकडच्या एका शहरात चालली. जुनी झाल्यावर ती जहाजात चढली आणि मंगोलियाच्या माळावरच्या एका लहान गावात, दवाखान्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचा चालक दाम्बा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. रोग्याला प्रांताच्या शहरी न्यायचे म्हणजे साडेतीन तासांचा रस्ता. सहा वर्षे आम्ही तो तुडवला. बायका बाळंत होऊन परतत, म्हातारे मोतीबिंदू काढून परतत. घरोघरी दाम्बाला खारा चहा मिळे आणि वाट सुखाची व्हावी म्हणून लोक गाडीच्या बॉनेटवरही दुधाचे थेंब शिंपडत. माझे कौतुक कोणी केले नाही, पण ते थेंब मी माझेही समजत असे.

मग माझ्या पोटातली तार एका ठिकाणी तुटली. थंड असताना तिची दोन टोके एकमेकांना टेकून असत आणि मी काम करत असे. फार तापलो की टोके दूर होत आणि मी गप्प. निवलो की पुन्हा ठीक. हे मला कळत होते, पण सांगायला मला तोंड नव्हते.

त्या शरद ऋतूत गाडी चार वेळा वाटेत बंद पडली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरूही झाली. चारही वेळा दाम्बाने दवाखान्याचे प्रमुख पुन्त्साग यांना जाऊन सांगितले. पहिल्यांदा ते म्हणाले, पेट्रोल खराब असेल. दुसऱ्यांदा गावातल्या कारागिराने पेट्रोलचा पंप बदलला, तिसऱ्यांदा प्लग. चौथ्यांदा शहरात गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तिला तपासणीचे यंत्र लावले. रात्रभर मी थंडच होतो. यंत्रात काही दिसले नाही. पुन्त्साग हसत म्हणाले, "दाम्बा, गाडीला काही झालेलं नाही. तू परत बाटलीला हात लावलास का?" दाम्बा पूर्वी पीत असे. सोडूनही अकरा वर्षे झाली होती. तो बाहेर आला.

पौष महिन्यातल्या कडक थंडीत चोयदोग नावाच्या मेंढपाळाची मुलगी खांडा आजारी पडली. सहा वर्षांची पोर, छातीत कफ भरलेला, ओठ निळे पडलेले. परिचारिका दुलमा तिला घेऊन मागे बसली. चोयदोगचा कळप बर्फात अडकला होता, त्यामुळे त्याला येता आले नाही. प्राणवायूचे नळकांडे चार तास पुरणारे होते.

अडीच तासांनी, ऐन दुपारी, मी तापलो आणि गप्प झालो.

बाहेर शून्याखाली चौतीस अंश होते. अशा थंडीत इंजिन गोठले तर ते वसंतापर्यंत उठायचे नाही, हे तिथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असते. दाम्बाने अंगातला कोट काढून खांडावर घातला. मग तिथले सगळे चालक करतात तेच त्याने केले. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड पांघरूण काढले आणि इंजिनावर नीट खोचून घातले. कडा दाबल्या, वर स्वतःचा शेलाही गुंडाळला. मित्रांनो, त्याच्या त्या मायेने मी तापलेलाच राहिलो. दर पाच मिनिटांनी तो किल्ली फिरवी. इंजिन गरगरे, पण पेट घेत नसे. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की अरे, ते पांघरूण काढ.

दीड तासाने कोळशाचा एक ट्रक आला. नळकांडे तेव्हा संपले होते. दुलमा खांडाला घेऊन ट्रकमध्ये चढली. खांडाला गुंडाळायला दाम्बाने इंजिनावरचे पांघरूण ओढून दुलमाला दिले. बॉनेट उघडेच राहिले. ट्रक दिसेनासा झाला. वीस मिनिटांनी दाम्बाने पुन्हा किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले.

तो शहरातल्या इस्पितळाच्या दारात पोचला तेव्हा दुलमा पायरीवर बसली होती. खांडा वाटेतच गेली होती.

चौकशीत सर्वांनी एकच गोष्ट पाहिली. गाडी आपल्या चाकांनी इस्पितळापर्यंत आली होती. म्हणजे गाडी ठणठणीत. मग दोष कोणाचा? दाम्बाला कामावरून काढले. त्याच्या घरी चहाला येणारे येईनासे झाले.

वसंतात नव्या चालकाच्या हातात गाडी तशीच बंद पडली. तेव्हा ती शहरातल्या ओयुन नावाच्या बाईच्या गॅरेजात आली. ओयुनने आधी यंत्र लावले नाही. तिने चालकाला विचारले, "कधी बंद पडते? किती चालल्यावर? परत कधी सुरू होते?" मग ती स्वतः गाडी घेऊन दोन तास माळावर फिरली. बंद पडताच तिने किल्ली फिरवली आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा पाहिला. इंजिन फिरत होते, काटा शून्यावर होता, म्हणजे माझे ठोके पोचत नव्हते. तिने मला बाहेर काढले. गॅरेजात मला पिशवीत गुंडाळून उकळत्या पाण्यात धरले, तारा मीटरला लावल्या. मीटरवरचा आकडा नाहीसा झाला. खिडकीबाहेरच्या बर्फावर ठेवले. आकडा परत आला. तिने हे तीनदा केले. माझ्या जागी नवा सेन्सर बसवायला तिला अर्धा तासही लागला नाही.

तिने दाम्बाला बोलावून घेतले आणि सगळे दाखवले. त्याने मला हातात घेतले.

"म्हणजे हा थंड झाला की चालतो," तो म्हणाला.

"हो, दादा."

"मी पांघरूण काढून दुलमाला दिलं, मग गाडी चालू झाली."

ओयुनने मीटर बंद केला. मग म्हणाली, "दादा, तू चार वेळा सांगितलंस. ऐकलं कोणी? मी दवाखान्याला लिहून देते, दोष या भागाचा होता, चालकाचा नव्हता."

"पांघरुणाचंही लिही."

"ते कशाला? तुझ्यावरच उलटेल."

"पोरीच्या बापाला अर्धंच सांगू का?"

तिने लिहिले. पुन्त्साग यांनी तो कागद वाचून कपाटात ठेवला आणि दाम्बाला कामावर परत यायला सांगितले. तो गेला नाही. तो चोयदोगच्या तंबूत गेला. मी त्याच्या खिशात होतो. त्याने मला जमिनीवर ठेवले आणि काही न वगळता सगळे सांगितले. खांडाची आई पाठ फिरवून चुलीत गोवऱ्या घालत होती. ती शेवटपर्यंत वळली नाही. चोयदोगने चहा ओतला. वाटी दाम्बासमोर ठेवून तो हळू म्हणाला, "थंडीत माझ्या इंजिनावर मीही पांघरूण घालतो."

चहा तसाच निवला. परत येताना दाम्बाने मला ओयुनकडे दिले. त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही.

आता मी ओयुनच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेला असतो. नवे चालक विचारतात तेव्हा ती मला गरम पाण्यात धरून दाखवते. मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. एखादी वस्तू आत्ता चालते आहे म्हणून ती बरी आहे असे समजू नका. कोणी सांगत आले की अधूनमधून बंद पडते, तर त्याला हसू नका. कधी, कुठे, किती वेळाने, हे बसून विचारा. दाम्बा पहिल्यांदा सांगायला गेला तेव्हा रस्ते कोरडे होते, हातात भरपूर वेळ होता आणि खांडा त्याच आठवड्यात शाळेत पहिलीत जाऊ लागली होती.