सात मिनिटांचं घर, एकोणीस मिनिटांचं घर

घर कुठं घ्यायचं हे ठरवायला आम्हाला चार महिने लागले, आणि त्या चारही महिन्यांत आम्ही घरं बघितली ती फक्त रविवारी. आयटीतली माणसं रविवारीच घरं बघतात. सोमवार ते शुक्रवार सुट्टी मागायची सोय नाही, शनिवारी अंथरुणातून उठवत नाही, मग उरतो तो रविवार. बिल्डर लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. ते रविवारी गाडी पाठवतात, कोल्ड कॉफी पाजतात आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये सकाळपासून एसी लावून ठेवतात.

तेव्हा आम्ही हिंजवडीजवळच्या जांबे गावात भिवाजीकाका आणि चंद्राबाईमावशींच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत भाड्यानं राहत होतो. लिफ्ट नव्हती. घराची घाई त्यामुळेच होती. माझे सासरे अण्णासाहेब लातूरला थोरल्या दिरांकडे होते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दोन वर्षं दिरांनी केलं आणि मग जाऊबाईंनी फोनवर सांगून टाकलं, "आता तुमची पाळी." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला झोंबलं मात्र.

शेवटी दोन घरं उरली. एक महाळुंग्यात. एक बेडरूम, खिडकी उघडली की समोरच्या टॉवरचे वाळत घातलेले टॉवेल, दिवसाही दिवा लावावा लागेल असं स्वयंपाकघर. पण डायलिसिस सेंटर तिथून चालत सात मिनिटांवर. दुसरं हिंजवडीत, फेज थ्रीच्या पुढे. दोन बेडरूम, शिवाय एक छोटी खोली, बाल्कनीतून डोंगर, खाली बाग. किंमत जवळपास तेवढीच. तिथून सेंटर किती लांब ते बघायला माझ्या नवऱ्यानं, दयानंदनं, रविवारी अकरा वाजता मोबाईलवर वेळ लावून गाडी नेली. एकोणीस मिनिटं लागली. तो खूश झाला.

दयानंद कंपनीत टेस्टिंग करतो. तक्ता केल्याशिवाय त्याला भाजीसुद्धा घेता येत नाही, असं मी त्याला चिडवायचे. घराचाही त्यानं तक्ता केला. शंभर गुण: ऑफिस, हवा, पाणी, पुढे किंमत किती वाढेल, सगळं. अण्णांच्या दवाखान्याला पंचवीस. त्या हिशेबानं महाळुंगे पुढे होतं. मी म्हटलं, "दया, घर आपण वीस वर्षांसाठी घेतोय. आणि अण्णा…" वाक्य मी पुरं केलं नाही. त्यानंही कर म्हटलं नाही. त्यानं पंचविसाचे दहा केले आणि हिंजवडी पुढे गेली.

मला लाज वाटली नाही, हेही सांगून टाकते. मला त्या बाल्कनीत तुळस दिसत होती.

व्हिडिओ कॉलवर अण्णांना दोन्ही घरं दाखवली. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, औशाच्या स्थानकावर तीस वर्षं गाड्या सोडल्या त्यांनी. बघून म्हणाले, "दवाखान्याच्या दारात कशाला राहायचं? तुम्हाला आवडलंय ते घ्या." आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं.

टोकन द्यायच्या आदल्या दिवशी चंद्राबाईमावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी हौसेनं सांगितलं, तशा म्हणाल्या, "रविवारी काय बघताय गं? रविवारी हितं रस्त्याला कुत्रं नसतंय. सोमवारी सकाळच्याला जाऊन बघा, मंग कळंल. लई हाल हायेत."

भिवाजीकाका आतून म्हणाले, "आजारी मानसाला घिऊन तितं ऱ्हाऊ नका. आमचंच रान व्हतं तितं, आमाला ठावं न्हाई व्हय?"

वर आल्यावर दयानंद म्हणाला, "भाडेकरू जातोय म्हणून म्हणतायत." मीही हसले. जमीन विकून इमारत बांधलेल्या माणसांचं घराबद्दलचं म्हणणं आम्ही कशाला मनावर घेतोय.

हिंजवडीचं घर घेतलं, राहायला गेलो आणि अण्णांना लातूरहून आणलं. पहिल्या सोमवारी त्यांना घेऊन दयानंद साडेआठला निघाला. दहाची पाळी होती. सकाळी सहाच्या पाळीसाठी मोठी यादी होती, नंबर लागायला वर्ष गेलं असतं. पाळीची मशीन चार तास मिळते, पण उशीर झाला की तेवढा वेळ कापला जातो, कारण दोन वाजता पुढचा माणूस झोपायला आलेला असतो. ते पोचले अकराला. अण्णांना तीनच तास मिळाले. परत यायला दोन तास. येऊन ते सोफ्यावर नुसते पडून राहिले आणि म्हणाले, "गाडी लेट झाली की कंट्रोलरला शिव्या बसतात. आज त्या नर्स पोरींची बोलणी खाल्ली मी."

पुढे आठला निघालो, मग साडेसातला. कधी नऊला पोचायचो, तर कधी पावणेअकरा व्हायचे. कंपन्यांच्या कॅब, सिमेंटचे मिक्सर, खोदलेला रस्ता, त्यात मागच्या सीटवर सुजलेले पाय वर घेऊन बसलेले अण्णा. सोमवार दयानंदचा, बुधवार माझा. शुक्रवारी आमच्या सोसायटीतच उभा राहणारा राजू नावाचा कॅबवाला त्यांना नेऊन आणायचा. दयानंदला मॅनेजरनं विचारलं, हे असं किती दिवस चालणार? त्यानं घरी येऊन ते मला सांगितलं. अण्णा आतल्या खोलीत होते, आणि आमच्या घराच्या भिंती काही जाड नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, मी घरूनच काम करत होते. अकराच्या सुमारास पार्सल घ्यायला खाली उतरले. क्लबहाउसच्या मागच्या बाकावर अण्णा बसले होते. दवाखान्यात न्यायचा डबा मांडीवर उघडा होता आणि वॉचमनला ते त्यातली पोळी देत होते. मला बघून त्यांनी डबा झाकला.

"राजूला परत पाठवलं," ते म्हणाले. "आता आठवड्यातून दोनदाच पुरे म्हणालेत डॉक्टर. दयाला सांगू नको, उगीच फोन करत बसेल."

डॉक्टर असं तोंडी काही बदलत नाहीत, हे मला कळत होतं. सेंटरचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल माझ्या हातात होता. एक फोन करायचा होता.

मी म्हटलं, "मग पाणी जरा कमी प्या हं, अण्णा."

"पितो की कमी," ते म्हणाले.

मी पार्सल घेऊन वर आले. मला हलकं वाटलं होतं. आठवड्यातला एक दिवस तरी सुटला, असं वाटलं होतं. त्यानंतरच्या शुक्रवारी मी खाली गेलेच नाही.

पाच शुक्रवार गेले. मग एका रविवारी पहाटे त्यांना श्वास घेता येईना. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. रस्ता रिकामा होता, सेंटर ज्या दवाखान्यात होतं तिथं आम्ही वेळेत पोचलो, त्याचा उपयोग मात्र झाला नाही. छातीत पाणी भरलं होतं. सकाळी साडेसातला अण्णा गेले.

सेंटरमधल्या नलिनी सिस्टर खालीच भेटल्या. त्या रागावल्या नव्हत्या, फार थकलेल्या दिसत होत्या. "पाच शुक्रवार त्यांचा बेड रिकामा होता," त्या म्हणाल्या. "आम्ही मुलाच्या नंबरवर कळवलं होतं. दोनदा."

मी दयानंदकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

पार्किंगमध्ये आल्यावर तो गाडीला टेकला. "पहिल्याच आठवड्यात फोन आला होता," तो म्हणाला. "मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, शुक्रवारचं शनिवारी करून घेतलंय. शनिवारी तर ते घरातच होते, मेधा. मला दिसत होते. मी काही बोललो नाही. मी मारलं त्यांना."

मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला होता. शिव्या घालेन, रडेन, हात झटकून निघून जाईन, त्याची सगळ्याला तयारी होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुला काय माहीत, दया. तू तरी काय करणार होतास?"

याला आता सात महिने झाले. तो अजून नीट जेवत नाही. बोलता बोलता मध्येच म्हणतो, मला माहीत असून मी गप्प बसलो, असा मुलगा असतो का? तुला कळलं असतं तर तू नक्की फोन केला असतास. मी त्याचं डोकं मांडीवर घेते, थोपटते आणि म्हणते, "हो. मी केला असता."