रोजच्यासाठी इटालियन गाडी

शनिवारी चार वाजता तो आवाज कोपऱ्यावर वळायचा आणि तिचा नवरा पेपर खाली ठेवून उठायचा. आवाज असा, की तो आधी खिडकीच्या काचांना कळायचा, मग माणसांना. लाल रंगाची, दोन सिलिंडरची इटालियन मोटरसायकल आणि तिच्यावर नणंद. नवरा दोन जिने उतरून जायचा आणि मग ती दोघं बहीणभाऊ पार्किंगमध्ये गाडीच्या दोन बाजूंना उभी राहून तासभर बोलायची. बोलायची म्हणजे भांडायची, खिदळायची, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायची. मग नणंद हेल्मेट चढवायची, खिडकीकडे बघून "येते हां वहिनी!" असं ओरडायची आणि निघून जायची. वर येणं जवळजवळ नाहीच.

वहिनी खिडकीत. दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि दोन वर्षं तिच्या पोटात दुखत होतं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सवत असती तर गोष्ट वेगळी. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीवर जळायचं म्हणजे आपणच आपलं हसं करून घ्यायचं. पण जळत होती खरी. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळून घरी आला की मोजकी वाक्यं बोलायचा. पाणी आलं का, जेवायला काय आहे, दिवा घालवू का. तीही काही बडबडी नव्हती. दोन अबोल माणसांचा संसार असा असायचाच, असं तिने धरून टाकलं होतं. आणि हाच माणूस शनिवारी खाली उभा राहून हातवारे करकरून तासभर बोलतो? म्हणजे याला बोलता येतं. घरात काढायचं नसतं, एवढंच.

त्या शनिवारी नणंदेने खालूनच हाक मारली.

"वहिनी! गाडी विकतेय! घेता का?"

नणंद जमीन मोजणीच्या खात्यात होती आणि आजवर गावोगाव फिरत होती. आता तिला बैठं काम मिळालं होतं, तेही घरासमोरच्या कचेरीत. "गाडीवर बसून रस्ता ओलांडू का सांगा! तुम्हाला रोज चौदा किलोमीटर जायचं असतं. पंधरा दिवस ठेवा, रोज न्या, उन्हात न्या, ट्रॅफिकमध्ये न्या. जमली तर तुमची."

नवरा हसला. "हिला कशाला देतेस ठिणगे? हिची स्कूटर चाळीसच्या वर गेली तर स्कूटरच घाबरते."

ठिणगी हे त्याने बहिणीला लहानपणी ठेवलेलं नाव. बायकोला त्याने कुठलंच नाव ठेवलेलं नव्हतं. "अगं" एवढ्यावर भागत होतं.

"ठेवते," वहिनी खिडकीतून म्हणाली.

खाली दोघांच्याही माना एकदम वर झाल्या. मोटरसायकलचं लायसन्स तिच्याकडे कॉलेजपासून होतं आणि वडिलांची गाडी तिने चार वर्षं चालवली होती, ही गोष्ट नवऱ्याला माहीत असून तो विसरला होता, आणि नणंदेला माहीतच नव्हती.

सोमवारी ती गाडी घेऊन कामावर गेली. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ती प्रमुख होती. गढूळपणा, क्लोरीन, क्षार, सगळं तिच्या सहीने पुढे जायचं. फाटकापाशी पंपवाले काका उभे होते. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"मॅडम, हे विमान कुठून आणलंत?"

"नणंदेचं आहे. बघतेय जमतं का."

"रोजच्यासाठी? अहो, रोजच्यासाठी कुणी सिंह पाळतं का?"

काका बोलले ते खोटं नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे नोंदींची वही उघडली होती. एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी अठरा किलोमीटर जायची, स्कूटर पंचेचाळीस. सिग्नलला उभं राहिलं की मागच्या सिलिंडरची धग उजव्या मांडीला लागायची. तिसऱ्या सिग्नलपर्यंत सलवारीला इस्त्री झाल्यासारखी वाटायची. क्लच इतका जड, की कामावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं डावा हात पिपेट धरायच्या लायकीचा नसायचा. आरशात मागचा रस्ता सोडून स्वतःचं कोपर तेवढं छान दिसायचं. सर्व्हिसिंगला गाडी चार तासांवरच्या शहरात न्यावी लागणार होती. आणि उभी केली तर तिचे पाय जमिनीला चवड्यांवरच टेकत होते.

वहीतला शेवटचा रकाना मात्र कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. त्याच्यावर तिने फक्त "खाली" असं लिहिलं होतं, आणि त्याखाली मिनिटं.

सोमवार, पंचवीस. संध्याकाळी ती कोपऱ्यावर वळली आणि गाडी बंद करेपर्यंत नवरा खाली हजर! चेन सैल आहे म्हणाला, उकिडवा बसून बोटाने ती वर-खाली करून दाखवली, मग इंजिन आडवं का बसवतात ते समजावलं. तिला ते माहीत होतं. तरी तिने माहीत नसल्यासारखं ऐकलं. पंचवीस मिनिटं! लग्नानंतर एका दमात इतकं तो तिच्याशी कधी बोलला असेल तर ते तिला आठवत नव्हतं. स्कूटरवरून ती दोन वर्षं यायची तेव्हा तो एकदाही खाली आला नव्हता. मंगळवार, बारा. बुधवार, अठरा. मांडी भाजत होती, मनगट ठणकत होतं आणि ती घरी येताना हेल्मेटच्या आत चक्क गुणगुणत होती.

गुरुवारी सोळा मिनिटं झाली. वर येऊन तिने हातपाय धुतले आणि बाहेर आली तर नवरा गॅलरीत फोनवर होता.

"नाही गं, क्लच अर्धा दाबूनच चालवते. जळणार एक दिवस. हो ना! अगदी आई शिलाईमशीन चालवायची तश्शी." आणि तो हसला. पोट धरून, मागे रेलून, शनिवारचं हसला.

पलीकडे कोण होतं ते विचारायची गरज नव्हती.

ती टॉवेल हातात घेऊन तिथेच उभी राहिली. गाडी तिने आणली होती, भाजून ती घेत होती, आणि हसू मात्र तारेवरून बरोबर जुन्या पत्त्यावर जात होतं. म्हणजे रोज तो खाली येत होता तो तिच्यासाठी, गाडीसाठी, की संध्याकाळी बहिणीला सांगायला काहीतरी हवं म्हणून?

आणि इथे तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. जळण्याची नाही, त्याची सवय झाली होती. लाज वाटली ती केलेल्या चुकीची. प्रयोगशाळेत कुठल्याही तपासणीआधी कोरा नमुना लावायचा असा तिचा दंडक होता. नुसतं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात काहीही नाही, आणि तेच सगळे सोपस्कार करून बघायचे. कोऱ्यातही आकडा आला, तर समजायचं की दोष पाण्यात नाही, भांड्यात आहे. कोरा न लावता आणलेले आकडे तिने नव्या मुलींच्या तोंडावर परत केले होते. आणि स्वतः? शनिवारी खाली दोन गोष्टी असायच्या, गाडी आणि बहीण. त्या दोन्ही तिने कधी वेगळ्या करून पाहिल्याच नव्हत्या. सरळ गाडीच विकत घ्यायला निघाली होती!

शुक्रवारी तिने गाडी पंपवाल्या काकांच्या शेडमध्ये ठेवली आणि बसने घरी आली.

"गाडी कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"लॅबला."

"बंद पडली?"

"नाही. ठेवली."

त्याने पुढे विचारलं नाही. घरात बोलायची त्यांची पद्धतच ती.

ठरवलं ते तिने नीट ठरवलं. उद्या नणंद बसने येणार. खाली गाडी नसणार. नणंद वर आली आणि नवरा पेपर वाचत बसला, तर त्या तासाचं कारण गाडी. मग धग, क्लच, चार तासांवरचं सर्व्हिसिंग, सगळं चुलीत. गाडी घ्यायची आणि तो तास आपल्या नावावर करून टाकायचा. आणि गाडी नसतानाही तो तास झालाच, तर गाडी घेण्यात काही अर्थ नाही. पुढचं तिने ठरवलं नाही. पुढचं तिला विचारात घ्यायचंच नव्हतं.

शनिवारी चारला पाच मिनिटं कमी असताना नवऱ्याने पेपर खाली ठेवला. आवाज नाही, काही नाही. चपला घालून खाली गेला.

ती खिडकीशी आली. नणंद बसथांब्यावरून चालत आली आणि ती दोघं नेहमीच्या जागी, गाडी उभी असायची त्या रिकाम्या जागेच्या दोन बाजूंना उभी राहिली. मध्ये काही नाही. जमिनीवर तेलाचा एक डाग होता, त्याच्या अलीकडे हा आणि पलीकडे ती. तेच हातवारे, तेच हसणं. एकदा तर नणंदेने नसलेल्या सीटवर हात टेकायला पुढे केला, तो हवेत गेला, आणि त्यावर दोघं आणखी दहा मिनिटं हसली.

पंचेचाळीस मिनिटं झाली. इतका स्वच्छ निकाल तिला महिन्या-महिन्यांत मिळाला नव्हता.

शांत माणसांना राग येतो तेव्हा तो पायांत येतो. ती दार उघडं टाकून दोन जिने उतरली, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा आपण काय बोलणार आहोत याची तिला काडीचीही कल्पना नव्हती.

दोघं एकदम सरळ झाली. शाळेत बाई वर्गात आल्यावर होतात तशी.

"वहिनी... गाडी लॅबला आहे म्हणे. काही झालं का?"

"काही नाही झालं. मला नको ती." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मांडी भाजते. आणि मला ती गाडी म्हणून नकोच होती. मला वाटलं, ती असली की हा खाली येतो. बोलतो. पण ती नसतानाही येतोच. म्हणजे गाडीचा काही संबंध नाही."

एवढी वाक्यं तिने एका वेळी बोललेली नवऱ्याने बहुधा प्रथमच ऐकली.

"मग," ती नणंदेला म्हणाली, "तू वर का येत नाहीस? घर आहे ना आपल्याला? दोन वर्षं इथे धुळीत उभं राहून काय बोलायचं असतं एवढं, की मी ऐकलं तर चालत नाही?"

नणंदेने भावाकडे पाहिलं. भाऊ तेलाच्या डागाकडे बघायला लागला.

"सांग की आता," तो पुटपुटला. "माझ्याकडे काय बघतेस!"

"वहिनी, रागावू नका," नणंद म्हणाली. "मला वर यायची भीती वाटते."

"कसली?"

"तुमची."

"माझी?"

"एकदा मी टेबलावर कप ठेवला, आठवतं? तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, फडकं आणलंत, कप उचललात, खालचं पुसलंत आणि कप परत तिथेच ठेवलात. त्यानंतर मला चहा गिळेना! आणि मी काही बोलले की तुम्ही बघता. असं बघता की मला वाटतं, आता बाटलीत भरून बूच लावणार. आणि मग म्हणता, 'हं'. त्या 'हं'नंतर माणसाने बोलायचं काय?"

ती बघत होती तेव्हा काय करत होती, हे तिला चांगलं माहीत होतं. नणंदेच्या एकेका शब्दावर जळत होती, आणि आपल्याला असं का बोलता येत नाही याचा हिशेब लावत होती. ते दुसऱ्या बाजूने असं दिसत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोन वर्षं कोऱ्या नमुन्यात आकडा येत होता, आणि भांडं कुठलं ते आता कळलं.

"हं," ती म्हणाली.

मग नणंदेने तोंडावर हात घेतला, पण हसू बोटांतून फुटलंच, आणि नवराही सुटला.

"दिवसभर लोकांना वर न्यायचं काम करतो मी," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि हिला दोन वर्षं वर चल म्हणतोय, ही जागची हलत नाही."

"मला नाही सांगितलंस कधी," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. ठीक आहे. आता वर चला दोघंही."

"खरंच चला म्हणताय ना वहिनी? मी कप ठेवणार हां टेबलावर."

"ठेव. मी बघणार पण नाही."

"बघेल," नवरा म्हणाला. "बोलणार नाही, पण बघेल."

गाडीसाठी मोजणी खात्यातलंच कुणीतरी गिऱ्हाईक आहे, असं सांगत नणंद पुढे झाली. बहीणभाऊ दोन-दोन पायऱ्या टाकत वर निघाली. ती मागून पाहत होती. दोघांची पायऱ्या चढायची ढब एकच, कठड्यावरून हात घसटत नेण्याची रीत एकच. आईच्या शिलाईमशीनचं टेबल कुणी मोडलं यावर त्यांचं पुन्हा जुंपलं होतं, आणि नवऱ्याचं ते हसू आता जिन्यात घुमत होतं. तिच्या पोटात नेहमीच्या जागी नेहमीसारखंच दुखलं. कमी झालं असेल असं तिला वाटलं होतं, झालं नव्हतं. फक्त आता ते खिडकीतून बघायचं नव्हतं, एवढाच फरक.

वरून नणंदेचा आवाज आला. "दादा, चहा मी टाकते. साखर कुठे असते रे तुमच्याकडे?"

"उजवीकडच्या कपाटात, वरच्या फळीवर!" नवऱ्याने छातीठोक सांगितलं.

उजवीकडच्या कपाटात साखर कधीच नव्हती. तिथे त्याच्याच नटबोल्टांचे डबे होते. साखर कुठे असते हे त्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा इतका आनंद झाला की ती जिन्यातच थांबली.

वर डबे उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येऊ लागले. "अरे, हे काय? खिळे घालू का चहात?" मग नवऱ्याची हाक आली, "अगं, साखर कुठे आहे?" पुन्हा आली, जरा मोठ्याने.

उरलेला एक जिना ती अगदी सावकाश चढली.