दिवसातून एकदाच

आमची सून कोरडी आहे, हे माझं मत लेकाच्या परदेशातल्या, बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये पाय ठेवला त्याच आठवड्यात पक्कं झालं. निशिगंधा तिथल्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात नर्स. चार महिन्यांची लेक घरात, आणि ही ड्यूटीवरून आली की हात धुणार, चहा घेणार आणि लांबूनच जाईकडे बघणार. पोर रडली की माझ्याकडे वळणार. शेवटी माझा लेक प्रबोधच म्हणाला, "आई, तूच जाईला पुण्याला ने. शाळेच्या वयाची झाली की आणू परत." निशिगंधा लगेच हो म्हणाली. डोळ्यांत टिपूस नाही. धन्य ती माउली, म्हटलं मनात.

शुक्रवारचं विमान होतं. बुधवारी ती कामावर गेली आणि मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले. तिथे तिच्या सशिणीचं, चिंगीचं खोकं. सोमवारी व्यालेली. गुलाबी, उघडीबोडकी पिल्लं एका कोपऱ्यात आणि ही महामाया दुसऱ्या कोपऱ्यात गवत चघळत बसलेली. दुपारपर्यंत नजर ठेवली. एकदाही फिरकली नाही. जशी मालकीण तशी सशीण, म्हटलं.

मी चार बाळंतपणं केलेली बाई. मला कोण शिकवणार? पिल्लांची पोटं फुगलेली दिसली. वारा धरलाय, दुसरं काय. जाईला लावायचं तेल कोमट करून एकेकाला चोळलं, ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली आणि ड्रॉपरने दूध पाजलं. सगळं जाईचं करते तसंच. मग दुपट्यात गुंडाळून ठेवली. किती शहाण्यासारखी निजली, असं वाटलं मला.

निशिगंधा चारला आली. खोक्यात एकटी चिंगी पाहिली, दुपटं उघडलं आणि मटकन खाली बसली. पिल्लं गार पडली होती.

"आई, काय केलंत हे?"

"ती बघत नव्हती त्यांच्याकडे. उपाशी मेली असती."

"सशीण दिवसभर पिल्लांजवळ जातच नाही. गेली तर कुत्र्या-कोल्ह्याला माग लागतो. दिवसातून एकदाच जाते, पाच मिनिटं पाजते आणि लांब होते. आज उजाडताना मी पाहिलं. पोटं टम्म होती सगळ्यांची."

ती पोटं दुधाने भरली होती आणि मी वारा धरलाय म्हणून धुरी देत बसले होते.

निशिगंधा रडत नव्हती. दुपट्याकडे बघतच बोलली. "मला आजीने वाढवलं. आईबाबा दुबईला होते. आजीने काही कमी केलं नाही हो. पण आई जवळ कशी घेते, हे माझ्या अंगाला ठाऊकच नाही. आईवेगळ्या वाढलेल्या जनावरांचंही असं होतं म्हणतात. पुढे स्वतःची पिल्लं झाली की त्यांचं काय करायचं ते त्यांना सुधरत नाही. जाई रडली की माझे हात थिजतात, म्हणून हो म्हणाले मी. माझ्यापाशी राहून तिचं वाटोळं नको."

मी हिला काय काय म्हणाले होते मनात.

"पण चिंगीसुद्धा आईपासून फार लवकर तोडलेली," ती म्हणाली. "दुकानदारानेच सांगितलं होतं. तरी छातीचे केस उपटून घरटं केलं तिने. तिला जमत होतं, आई."

आत जाई उठली आणि भोकाड पसरलं. आम्ही दोघी आत धावलो. मी सवयीने हात पुढे केले, तर निशिगंधाने आधी उचललं. उचललं कसलं, परक्याचं पोर घ्यावं तसं अवघडून धरलं. जाई आणखीच किंचाळली.

"इकडे दे. तिला तुझी सवय नाही."

"होऊ दे सवय. शुक्रवारी तुम्ही एकट्याच जा, आई."

संताप आला मला, खोटं कशाला बोलू. महिनाभर रात्रंदिवस केलं ते मी, आणि मलाच जा म्हणते. तिच्या हातून पोर ओढून घ्यायला एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. तेवढ्यात तिने जाईला छातीशी आवळलं आणि माझ्याकडे पाठ केली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. जाई कितीतरी वेळ रडत होती. मी बाहेर आले नाही.