वॅटीची कुंपणं

“ती कुंपणं राहू दे रे, अजून धडधाकट आहेत,” मी म्हणाले.

“धडधाकट तर मीही आहे, ईना,” वॅटी म्हणाला आणि त्यानं कुंपणाचा खांब हिसकून उपटला.

वॅटी माझा धाकटा भाऊ. आमच्या डोंगरावर स्कीइंग सुरू झालं तेव्हापासून तिथं कामाला. आमच्याकडे बर्फ पडतो, पण टिकत नाही. स्कॉटलंडचा वारा तो उचलून पलीकडच्या दरीत नेऊन टाकतो. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर वॅटी उतारावर लाकडी पट्ट्यांची कुंपणं उभी करायचा. वारा तिथं अडायचा, बर्फ साचायचा, आणि ग्लासगोहून बसगाड्या भरून आलेली पोरं त्यावरून घसरायची. त्यांना वर ओढून नेणाऱ्या दोराची दांडी वॅटी एकेकाच्या पाठीमागे लावून द्यायचा आणि ओरडायचा, “नुसतं टेकून उभं राहायचं! बसलं की पडलं!” मीही पडले होते, नवा लाल स्वेटर घालून. किती हसला होता मेला!

आता तीच कुंपणं काढायचं काम त्याच्याच गळ्यात आलं होतं.

जीपमधून व्यवस्थापक कॅट्रिओना उतरली. हिलाही लहानपणी वॅटीनंच दांडीला लावून वर धाडलेलं.

“वॅटी, या खेळावर देशात किती हॉटेलं चालतात, किती घरांच्या चुली पेटतात, सगळं मोजलंय सरकारनं एडिंबरोत. म्हणून तर पैसे मिळाले. पण ते खाली गाडीतळाशी बर्फ बनवणाऱ्या यंत्रासाठी. वरच्या उताराचा भरवसा नाही उरला. हिवाळेच तसे झालेत, त्याला मी काय करू?”

“त्या चुलींत माझी धरलीय का गं?”

ती ओशाळली. “बर्फ चांगला पडला तर पुन्हा लावू की. मी फोन करीन.”

वॅटीनं तेवढंच ऐकलं. सगळी कुंपणं घरी आणून शेडमध्ये रचली, कुजलेल्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या. पबमधले टवाळ विचारायचे, “काय वॅटी, बर्फ शेडमध्ये साठवलास होय?” तो हसायचा. घरी आला की पहिला प्रश्न मला, “फोन?”

नाताळ पावसातच गेला. थंडीच नाही म्हणून ते यंत्रही झाकून ठेवलेलं. जानेवारीत ओढदोराचे लोखंडी खांब कापून ट्रकमधून भंगारात गेले. ट्रक आमच्या दारावरूनच गेला. वॅटी फाटकाशी उभा होता. त्यानंतर त्यानं फोनचं विचारलं नाही.

आणि फेब्रुवारीत बर्फ आला. आमच्या लहानपणी यायचा तसा, भरभरून.

“वारा पश्चिमेचाच ना?” वॅटीनं विचारलं.

“हो.”

“म्हणजे चालला सगळा पलीकडे.”

खिडकीबाहेर पांढरं आडवं धावत होतं. शेगडी विझत आली होती. तो शेडमध्ये गेला आणि काखेत पट्ट्या घेऊन आला. नव्या, स्वतः बसवलेल्या.

“बस रे आता जरा,” मी म्हणाले.

“बसलो की पडलो,” तो म्हणाला, आणि उभ्यानंच एकेक पट्टी शेगडीत सरकवत राहिला.