खुर्चीचं हृदय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिरली असती तर तिच्याही छातीवर पट्टी चिकटवली असती. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले अंकुरबाबा पडद्याकडे बोट दाखवून गरजत होते, "हा काळा डाग म्हणजे हृदयाचा मेलेला भाग! माझ्या पट्टीतले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशी वाढवणारे रेणू, आत झिरपतात आणि मांसाला अंकुर फुटतात! हे विज्ञान आहे, बुवाबाजी नाही!"

बुवाबाजी नाही असं खुद्द बुवांनीच सांगितल्यावर प्रश्नच मिटला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या रांगेत घड्याळजी बसले होते. चार महिन्यांपूर्वी ते हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मेलेला भाग परत उगवत नाही. उरलेला सांभाळा, गोळी एक दिवस चुकवू नका." इतकं कोरडं सत्य कुणाच्या घशाखाली उतरणार? साडूच्या तर मुळीच नाही. तोच दोघा नवराबायकोला इथं ओढून घेऊन आला होता.

अट एकच होती. पट्टी लावण्याआधी आपल्या गोळ्या समोरच्या पिंपात टाकायच्या. गोळ्यांनी म्हणे अंकुर जळतात. पिंप निम्मं भरलं होतं. घड्याळजींची बायको मुठीत गोळ्यांचं पाकीट धरून उभी होती.

"टाका की ताई! मन घट्ट करा," पिंपाजवळचा स्वयंसेवक म्हणाला.

"यांची छाती आहे, तुमची नाही. जरा थांबा," ती म्हणाली.

खुर्चीवर आधी एक निवृत्त शिक्षिका बसल्या. छातीला वायरचा डबा लावला. पडद्यावर हृदय धडधडू लागलं, कर्ण्यातून ठोके घुमले. पट्टी लागली, बाईंना ऊब जाणवली, डाग गुलाबी झाला. सभा गहिवरली.

घड्याळजी मात्र कान टवकारून होते. चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावण्यात गेलेली. सवय जाते कुठं? दर अकराव्या ठोक्याला कर्णा किंचित अडखळत होता. चाकाचा एक दात झिजला की घड्याळ असंच चालतं.

मग त्यांची पाळी आली. "गोळ्या नंतर टाकतो," असं म्हणून ते बसले. डबा लागला. ठोके सुरू झाले आणि अकराव्याला पुन्हा तीच अडखळ! त्यांनी स्वतःचं मनगट धरून हातातल्या घड्याळाकडे बघितलं. गोळ्यांमुळे संथ झालेली नाडी मिनिटाला चोपन्न भरली. कर्णा बहात्तरावर होता.

घड्याळजींनी छातीवरचा डबा शांतपणे काढला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला.

पडद्यावरचं हृदय धडधडतच राहिलं. डागही वेळेवर गुलाबी झाला.

"बाबा, या खुर्चीलाही झटका आला होता वाटतं? बघा, ठणठणीत झाली!"

"यंत्राला स्पर्श करू नका! ऊर्जा बिघडते!"

"ऊर्जा येते कुठून ते तर बघू." घड्याळजींनी वायर ओढली. टेबलाखालून तिचं दुसरं टोक बाहेर आलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पडद्यामागं लॅपटॉपवर चित्रफीत फिरत होती, तेच अकरा ठोके पुन्हा पुन्हा वाजवत.

पुढची पाच मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. बाबा मागच्या दारानं पसार झाले आणि पिंपाभोवती आपापल्या गोळ्या शोधायला झुंबड उडाली. घड्याळजींच्या बायकोला वाकावं लागलं नाही. पाकीट मुठीतच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ग्रोथ फॅक्टर खरे आहेत हो. पण इतके मोठे रेणू अखंड कातडीतून आत जात नाहीत. थेट हृदयात टोचले तरी रक्त बघताबघता वाहून नेतं. ते तिथंच टिकून हळूहळू सुटावेत म्हणून जेलीसारख्या पदार्थात घालून प्रयोग चाललेत. यश येईल तेव्हा येईल."

"आणि ती ऊब?"

"पट्टीला कंबरदुखीचं मलम फासलं असणार!"

साडू अजून कुरकुरत होता, "पण श्रद्धा म्हणून काही असते की नाही?"

"असते ना," घड्याळजी गोळी गिळत म्हणाले. "पण माझं गिऱ्हाईकसुद्धा दुरुस्त घड्याळ आधी कानाला लावतं, मग घरी नेतं. घड्याळ बिघडलं तर दुसरं घेता येतं. छातीतलं एकच आहे. त्याच्या बाबतीत तरी कुणाच्या पडद्यावर विसंबू नका. आपल्या मनगटावर बोट ठेवा, मोजा, आणि मग ठरवा."

साडूनं मान हलवली. थोड्या वेळानं, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यानं हळूच आपलं मनगट धरलं.