ओट्याचं माप

"एवढा खाली ओटा कोणी बांधून घेतला?" धवलनं टेप खेचत विचारलं. पोलादी पट्टी सरसर बाहेर आली, ओट्याच्या काठाला लागली आणि तो हसला. "सत्तावीस इंच! मॅडम, ह्याच्यावर तर भातुकली खेळायची."

"आईनं," रेवती म्हणाली.

हसू त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तसंच राहिलं. मग त्यानं ते आवरलं. "सॉरी हां. म्हणजे मजबूत आहे एकदम. असा कडप्पा आता मिळत नाही."

रेवतीला वाईट वाटलं नव्हतं. आई श्रावणात गेली आणि आता दिवाळी होऊन गेली होती, तरी वाईट वाटायचं असं काही आत सापडत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असूनही आपला राहत नाही, तसं तिचं चाललं होतं. कुणी बस म्हटलं की ती बसे, चहा पी म्हटलं की पिई. निलेशनं फोनवर, "ताई, रविवारी ये, किचनवाला येतोय," असं सांगितलं, म्हणून ती मुलुंडहून चारकोपला आली होती.

सरकारी सोडतीत घर लागलं तेव्हा नुसता चौथरा आणि मोरी हाती आली होती. भिंती भाऊंनी सवडीसवडीनं उभ्या केल्या. भाऊ म्हणजे वडील. गिरणीत होते तोवर गिरणीच्या पगारावर, पुढे इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या पॅकिंगच्या कामावर. पुढची खोली, मागची खोली, दारापुढे भिंत घालून घेतलेलं हातभर अंगण. मागच्या खोलीत ओटा घालायची वेळ आली तेव्हा गवंड्यानं नेहमीची उंची धरली. आई उंचीनं भाऊंच्या खांद्यालाही लागत नसे. ती पदर खोचून भिंतीशी जाऊन उभी राहिली, पोळपाट दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि म्हणाली, "हय." गवंड्यानं पोळपाटाखाली कोळशानं रेघ ओढली. ओटा तिथे बसला. त्यानंतर त्या ओट्याशी दुसरं जे कुणी उभं राहिलं त्यानं कंबर धरली. दीप्ती लग्न होऊन आली तेव्हा महिनाभरातच पट्टा लावून स्वयंपाक करायला लागली. पुढे निलेश आणि ती बोरीवलीला टॉवरमध्ये राहायला गेली. ओटा हे त्याचं कारण नव्हतं, पण आई चिडली की तेच कारण सांगे.

"हे बघा, सर." धवलनं टॅब पुढे धरला. निलेश आणि दीप्ती दोन्ही बाजूंनी वाकले. "एल शेप ओटा, वरती क्वार्ट्झ. खाली सगळे सॉफ्ट क्लोजचे ड्रॉवर. आपटायचं म्हटलं तरी आपटणार नाही."

"मग भांडणात काय आपटायचं?" दीप्ती म्हणाली.

"त्याच्यासाठी दरवाजा आहे ना, वहिनी. तो जुनाच ठेवू."

निलेश मोठ्यानं हसला. रेवतीनंही टॅबमध्ये पाहिलं. राखाडी कपाटं, चकचकीत चिमणी, भिंतीतून येणारा पिवळा उजेड. ओट्याशी एक बाई उभी होती. कंप्युटरनं काढलेली, उंच, केस मोकळे, समोर पाटावर एक सफरचंद. आयुष्यात मासा चिरलेला नसावा बिचारीनं. तिला चेहरा काढायचा राहून गेला होता.

"आणि बाहेरचं?" निलेशनं विचारलं. "बाहेरचं माझ्या फार मनात आहे."

सगळे अंगणात आले. भाऊ लुंगी वर खोचून, धुण्याच्या दगडापाशी पाटावर बसून बांगडे साफ करत होते. सकाळी बाजारात जाऊन स्वतःच आणले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. नळाची धार बारीक केली, इतकंच.

"भाऊ, ते राहू द्या. ताई करेल," निलेश म्हणाला.

"होईत," भाऊ म्हणाले आणि पुढचा बांगडा उचलला.

धवलनं अंगणाचा अंदाज घेतला. "छोटं आहे, पण झकास होईल. हा दगड काढायचा. खाली वुडन फिनिश टाइल, इथे आर्टिफिशियल ग्रास. ह्या भिंतीवर व्हर्टिकल गार्डन, आणि कोपऱ्यात झोपाळा. आता लोक घरात कमी बसतात, सर. आउटडोअर लिव्हिंग."

"संध्याकाळी भाऊंनी झोपाळ्यावर बसायचं. चहा, पेपर. रविवारी आपण सगळे इथेच," निलेश भराभरा बोलत होता. आई गेल्यापासून तो या घरात पाच मिनिटं एका जागी बसू शकत नव्हता. काहीतरी मोडलं, काहीतरी नवं बसवलं, म्हणजे त्याला इथे बसता येणार होतं. रेवतीला ते समजत होतं. म्हणूनच ती काही बोलली नव्हती.

शेजारच्या भिंतीवरून सुलक्षणाकाकूंचं डोकं वर आलं. "काय रे निलेश, झोपाळा काय, गवत काय! भाऊंचं लग्न लावताय की काय?"

"काकू, तुम्ही पण ना!"

"नाही, आपलं विचारलं. पण वर्ष व्हायचंय रे अजून सुंदराबाईंचं. वर्षाच्या आत असं फोडाफोडीचं काम काढू नये."

"आता कोण पाळतं, काकू?"

"नका पाळू. मला काय, माझ्या भिंतीला तडा नाही गेला म्हणजे मिळवली. आणि भाऊ, खवल्यांचं पाणी माझ्या बाजूला नको हां. कालपासून मांजर इथनं हलत नाही."

"मांजराक सांग," भाऊ म्हणाले. काकूंचं डोकं समाधानानं खाली गेलं.

आत आल्यावर धवलनं कानामागची पेन्सिल काढली. "आता मेन गोष्ट. ओट्याची हाइट. कंपनीची स्टँडर्ड चौतीस इंच, पण आम्ही कस्टमाइज करतो. जो जेवण बनवणार त्याच्या कोपराच्या थोडं खाली. तर, इथे जेवण कोण बनवणार?"

फ्रीजची मोटर चालू झाली.

"म्हणजे आता काका एकटे राहतात ना," धवलनं मदत केली. "बाई येते का कोणी?"

"बाई ठेवायची नाहीये," दीप्ती म्हणाली आणि तिनं निलेशकडे पाहिलं. निलेश टॅबवर बोट फिरवत राहिला. मग तीच पुढे म्हणाली, "रेवतीताईंची घ्या ना हाइट."

रेवतीनं तिच्याकडे पाहिलं.

"अहो, आम्ही बोलणारच होतो तुमच्याशी. तुम्ही मुलुंडला तरी एकट्याच असता. तुमचं ऑफिस अंधेरीला, म्हणजे इथून उलट जवळच. भाऊंना सोबत होईल, तुम्हालाही होईल. म्हणून तर ह्यांनी किचनचा घाट घातला. तुम्हाला त्या ओट्यावर वाकून काम नको, म्हणून."

"ताई, जबरदस्ती नाही हां," निलेश टॅबकडे बघत म्हणाला. "तू विचार कर."

विचार त्यांनी करून ठेवला होता. बोरीवलीत, जेवणाच्या टेबलाशी, कधीतरी मुलं झोपल्यावर. आणि वाईट मनानं नाही. कुणाच्याही दृष्टीनं ते सरळच होतं. वडील एकटे, मुलगी एकटी.

मुलुंडची तिची खोली लहान होती. नवऱ्यापासून, यज्ञेशपासून, वेगळी झाल्यावर तिनं ती शोधली होती. एका भिंतीला पुस्तकं, खिडकीत एक खुर्ची. शेगडी होती, पण ती पेटलीच पाहिजे असं नव्हतं. कधी रात्री नुसता दहीभात, कधी तोही नाही, वाचता वाचता झोप. तिथे कुणी जेवायला थांबलेलं नसे. ज्या कुलपाची किल्ली फक्त तिच्याकडे होती, असं आयुष्यातलं ते पहिलं दार होतं. हे सगळं बोलून दाखवायला हवं होतं. त्यासाठी आत काहीतरी जागं असायला हवं होतं.

"मॅडम, जरा इथे उभ्या राहा," धवल म्हणाला.

ती उभी राहिली.

"चप्पल असते का किचनमध्ये?"

"नाही."

"हात असा कोपरात वाकवा. खांदे सैल."

तिनं हात वाकवला. पट्टी जमिनीपासून वर चढत आली, तिच्या कोपराला थंड लागली. धवलनं चार बोटं खाली मोजली आणि आईच्या पांढऱ्या टाइल्सवर पेन्सिलनं एक आडवी रेघ मारली. रेवतीनं त्या रेघेकडे पाहिलं. हे असं ठरतं तर, तिला वाटलं. ओरडा नाही, रडारड नाही. कुणीतरी उभं राहा म्हणतं, आपण उभं राहतो.

"पस्तीस," धवल म्हणाला. "फायनल करू?"

"ती पूस."

भाऊ दारात उभे होते. हातात बांगड्यांची परात, पाणी ठिबकत होतं.

"काय भाऊ?" निलेशनं विचारलं.

"ती रेघ पूस म्हणतंय. रेवती कित्याक येतली हय? तिका तिचा घर आसा." त्यांनी परात ओट्यावर ठेवली आणि मग धवलकडे वळून जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. "जेवण मी करतो. माझी घे उंची."

निलेशला हसू आलं. "तुम्ही? भाऊ, आई आजारी होती तेव्हा चहासुद्धा तीच..."

"चहा ती करी. बसल्या बसल्या जमायचो तिका." भाऊ नळाखाली हात धुऊ लागले. "बाकीचा मी."

"बाकीचं म्हणजे?"

"सगळा. दोन वर्सां. पाय सुजाक लागले तिचे, उभी रवाक होयना. खुर्चेर बसान ती सांगी, हातात देई, मी करी. तुमी रविवारी येवच्या आधी झाकून ठेवी नि मी भायर पेपर घेऊन बसी." ते थांबले. "सांगू नको म्हणाली. घोवाक रांधूक लावता म्हणतीत, लाज वाटता, म्हणाली."

दीप्तीचा हात तोंडाशी गेला. "म्हणजे गेल्या वर्षीच्या गणपतीतल्या त्या खांडव्या? मी आईंकडून कृती लिहून घेतली होती!"

"कृती तिचीच," भाऊ म्हणाले. "गूळ मी ढवळलंय."

रेवतीच्या मुलुंडच्या फ्रीजरमध्ये एक स्टीलचा डबा होता. आषाढातलं बांगड्याचं तिखलं. आईच्या हातचं शेवटचं, म्हणून तिनं ते खाल्लं नव्हतं आणि टाकलंही नव्हतं. बर्फाचा ट्रे काढताना रोज त्याला हात लागायचा.

"आषाढात मला डबा दिला होतात," ती म्हणाली. "तिखल्याचा."

"होय. मीठ जास्ती पडलेला काय?"

"नाही," ती म्हणाली. "चांगलं होतं."

"तिरफळां जुनी होती," भाऊ म्हणाले.

निलेश ओट्याला टेकायला गेला. ओटा इतका खाली, की त्याचा तोल गेला. तो सावरला. "मग भाऊ, हा ठेवू या का? आहे तसा? नकोच काही फोडायला. आईचा आहे तो."

रेवतीनंही मनात तेच धरलं होतं. आता भाऊ हो म्हणतील, आणि कडप्प्याची ती झिजलेली कड, जिथे आईचं पोट टेकायचं, ती राहील.

"कित्याक?" भाऊ म्हणाले. "तिच्या मापाचो तो. ती गेली. माझी पाठ मोडता, रे. दोन वर्सां वाकान वाकान." आणि धवलला, "फोड तू. माझ्या मापान बांध. तो भायरचो दगड मात्र आसूदे. मासे काय गवतार साफ करू?"

त्यांनी वर खोचलेली लुंगी खाली सोडली, पायातल्या चपला बाहेर काढून आले आणि भिंतीशी ताठ उभे राहिले. गिरणीत भरती होताना डॉक्टरपुढे उभे राहिले असतील तसे, हनुवटी वर, छाती पुढे.

"काका, सैल उभे राहा. भाजी चिरताय असं समजा."

भाऊंनी खांदे सोडले. एकदम ते म्हातारे दिसले. पट्टी वर चढली, रेवतीच्या रेघेच्या पुढे गेली. धवलनं वर दुसरी रेघ मारली आणि खालची अंगठ्यानं पुसली. जरा धूसर राहिली.

झोपाळ्याचं काय करायचं ते बघायला तिघं पुन्हा बाहेर गेले. निलेशचा आवाज येत होता, आता हळू, मध्येच थांबणारा. सुलक्षणाकाकू काहीतरी विचारत होत्या. कुणीतरी त्यांना सांगत होतं.

भाऊंनी खोबरं मिक्सरमधून काढलं. तवलीत वाटण घातलं, पाणी घातलं, बांगडे एकेक करून सोडले. पळी लावली नाही. दोन फडक्यांनी तवलीचे काठ धरून ती नुसती हलवली. आई तशीच हलवायची. त्यांची पाठ त्या ओट्यावर कमानीसारखी वाकली होती. रेवती मागे, भिंतीशी आईची खुर्ची होती तिच्यावर बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

रस्सा उकळू लागला. भाऊंनी वाकून वास घेतला, आच कमी केली, आणि मान न वळवता उजवा हात मागे केला. तळवा वर, बोटं जराशी आत वळलेली. हात तसाच राहिला.

रेवतीला कळेना, काय द्यायचं. कोकम, मीठ, तिरफळं? तिनं शेजारच्या फळीवरच्या बरण्यांकडे पाहिलं. त्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. तिनं एक उचलली, परत ठेवली.

हात थोडा वेळ हवेत थांबला. मग भाऊंनी तो पुढे घेतला, लुंगीला पुसला, आणि वळून ते स्वतः फळीपाशी आले.