न फुटलेल्या काचा

काचवाल्याने चौकटीतली जुनी पुट्टी पटाशीने खरवडली आणि पायरीवर बसलेल्या लेकीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"या महिन्यातली चौथी. आणि म्हणे इथेच घाला मला."

टेकडीवरचं हे सरकारी हायस्कूल. लेकीच्या मांडीवर प्रवेशाचा फॉर्म होता. शहरातली तीन हायस्कुलं पसंतीच्या क्रमाने लिहून पाचच्या आत फॉर्म द्यायचा होता आणि पहिला रकाना अजून कोराच होता.

तिने वहीत पाच शाळांचा तक्ता मांडला होता: निकाल, बस, प्रयोगशाळा, वाचनालय. बापाला तक्ता नको होता. वीस वर्षं तो शहरभर सरकारी शाळांच्या खिडक्यांना काचा बसवत होता. जिथे काचा फार फुटतात तिथे शिस्तीच्या नावाने बोंब, एवढं त्याचं साधं गणित. पुलाजवळच्या शाळेने अकरा वर्षांत त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. पोरगी जाणार ती तिथेच. एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तो ऐकणाऱ्यातला नव्हता.

"काका, मीच फोडली," वर्गातून आलेली एक मुलगी म्हणाली. "बाटलीचं रॉकेट होतं. वाकडं गेलं."

कुणी न सांगता तिने पुट्टीचा डबा हातात धरला. तिच्या मागून बाई आल्या.

"कुठवर गेलं?"

"दुसऱ्या मजल्यापर्यंत."

"मागच्या वेळी पहिल्यालाच आपटलं होतं ना? मग प्रगती आहे."

काचवाल्याने कपाळाला हात लावला. लेक पेनाचं टोपण काढत-घालत ऐकत राहिली. काम संपल्यावर ती म्हणाली,

"पुलाजवळची एकदा बघू आणि मग लिहू. वाटेतच आहे."

"बघायचंय काय त्यात? बरं, चल."

तिथल्या खिडक्या एकसारख्या, कुठे तडा नाही. काचवाल्याने सवयीने एकीवर बोटाने टकटक केली. आवाज बद्द आला. त्याने पुढची वाजवून पाहिली, मग तिच्या पुढची. एकीलाही काच नव्हती. सगळीकडे स्क्रूने आवळलेलं जाड प्लास्टिक होतं, पिवळं पडलेलं, पलीकडचं काही दिसू न देणारं. दिवसाउजेडी वर्गात दिवे लागले होते. मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं.

"अकरा वर्षं झाली बसवून," शिपाई कौतुकाने म्हणाला. "खेळही बंद केले. डोक्याला ताप नाही."

फुटायला मुळात काचच नाही, हे इतक्या वर्षांत काचवाल्याच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला.

"तू आधी येऊन गेली होतीस?"

"परवा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी सांगून पटलं असतं तुम्हाला?"

त्याने थोडा विचार केला.

"नसतं."

साडेचार वाजले होते. लेकीने फॉर्म भिंतीला टेकवला आणि पहिला रकाना भरायला घेतला. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्याने कोपरा दाबून धरला. काय लिहितेय ते वाचायची त्याला गरज नव्हती.

"फोडलीस तर लपवायचं नाही," तो म्हणाला. "मी येतोच."